विक्रम फुलपाखराचा, विसर वेलीचा

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न ठरलेला असतो. जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू कोणते? उत्तरही ठरलेले असते : क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग, देश पापुआ न्यू गिनी, पंखांचा विस्तार २८ सेंटिमीटर. प्रश्नमंजूषेत हे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. पुस्तक थोडे जाड असेल तर आणखी दोन-तीन वाक्ये असतात. या फुलपाखराचा पहिला नमुना बंदुकीने पाडला होता. संग्राहकांच्या हव्यासामुळे ही जात दुर्मिळ झाली. आता तिच्या व्यापारावर जगभर बंदी आहे.

या चार-पाच वाक्यांत उघड असत्य असे फारसे नाही. तरीही आम्हांला ही नोंद सदोष वाटते. पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या एका नोंदीचे परीक्षण येथे करायचे आहे. ती कोणा एका लेखकाची नाही. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत ती आता सर्वांची झाली आहे, आणि जे सर्वांचे असते ते तपासून पाहण्याचे काम सहसा कोणाचेच नसते.

आमचा मुख्य आक्षेप आधीच सांगून टाकतो. या नोंदीतील प्रत्येक वाक्य टाचणीला लावलेल्या फुलपाखराविषयी आहे. ज्या रानाविना, विशेषतः ज्या एका वेलीविना, हे फुलपाखरू जन्मालाच येऊ शकत नाही, त्याविषयी तिच्यात अक्षरही नाही. ही उणीव पुस्तकापुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. पण जी नजर पुस्तकात असते तीच पुढे कायद्यात आणि संरक्षणाच्या योजनांतही उतरते. त्याची किंमत फुलपाखराला मोजावी लागते.

माप कोणाचे, चित्र कोणाचे?

आधी मापाकडे पाहू. २८ सेंटिमीटर हा आकडा मादीचा आहे आणि तोही वरच्या टोकाचा. मोठ्या मादीच्या पंखांचा विस्तार २५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. आपल्या घरचिमणीने पंख पसरले तर जवळजवळ तेवढेच अंतर होते. ‘बर्डविंग’ म्हणजे पक्ष्यासारखे पंख असलेले. हे नाव उगाच पडलेले नाही. नर मात्र बराच लहान, साधारण १६ ते २० सेंटिमीटरचा. तो निळ्या-हिरव्या झळाळीचा, पिवळ्याधमक पोटाचा. मादी तपकिरी, तिच्यावर फिकट पिवळसर ठिपके. आता नोंदीशेजारचे चित्र पाहावे. अनेकदा चित्र नराचे असते, कारण तो रंगीत, आणि माप मादीचे असते, कारण ते मोठे. एकाच जातीतील नर आणि मादी दिसायला इतके वेगळे का असतात, हा जीवशास्त्राचा फार चांगला प्रश्न आहे. चित्र एकाचे आणि आकडा दुसरीचा छापल्यावर तो विद्यार्थ्याला पडण्याची शक्यताच उरत नाही.

आकड्याचा मोह किती खोल असतो याचे आपल्या देशातले उदाहरण २०२० सालचे आहे. उत्तराखंडातील दिदीहाट येथील गोल्डन बर्डविंग जातीच्या एका मादीचा पंखविस्तार १९४ मिलिमीटर भरला. त्याआधी भारतातील सर्वांत मोठ्या फुलपाखराचा मान सदर्न बर्डविंग या दक्षिणेकडील जातीकडे होता. ब्रिगेडियर इव्हान्स यांनी १९३२ साली नोंदविलेले तिचे माप १९० मिलिमीटर होते. चार मिलिमीटरच्या या फरकाच्या बातम्या सर्वत्र आल्या. आम्ही वाचलेल्या बातम्यांत या दोन्ही जातींच्या अळ्या काय खातात, हे एकीतही नव्हते.

मापानंतर पत्ता. ‘पापुआ न्यू गिनी’ हा पत्ता पुरेसा नाही. हा देश महाराष्ट्राच्या सुमारे दीडपट आहे. त्याच्या आग्नेय भागात ओरो नावाचा एक प्रांत आहे. हे फुलपाखरू फक्त त्या प्रांतात, तेही तुकड्यातुकड्यांनी आढळते : काही पोपोंडेटा शहराभोवतीच्या सखल मैदानातील रानात आणि काही मानागलास पठारावर. केवळ आंबोलीच्या परिसरात सापडणाऱ्या आंबोली टोडचा पत्ता ‘भारत’ असा द्यावा, तसे हे झाले. पत्ता जितका ढोबळ, तितका धोका कमी वाटतो. एवढ्या मोठ्या देशात कुठेतरी असेलच, असे वाचणाऱ्याला वाटून जाते.

बंदुकीची गोष्ट पुन्हा वाचू

आता त्या बंदुकीकडे वळू. अल्बर्ट मीक हा वॉल्टर रॉथशिल्ड या श्रीमंत इंग्रज प्राणिसंग्राहकासाठी नमुने गोळा करीत असे. १९०६ साली त्याने न्यू गिनीत एक मादी बारीक छर्‍यांच्या बंदुकीने पाडली. १९०७ साली रॉथशिल्डने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याची राणी अलेक्झांड्रा हिचे नाव या जातीला दिले. छर्‍यांची भोके असलेला तो नमुना आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

ही गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते. एक, साहसकथा म्हणून. दुसरी, क्रौर्याची कथा म्हणून. दोन्ही प्रकारांत मुख्य प्रश्न राहून जातो : फुलपाखरू पकडायला बंदूक का लागावी? जाळे का पुरले नाही? कारण हे फुलपाखरू आपल्या बागेतल्या फुलपाखरांसारखे कमरेइतक्या उंचीवर भिरभिरत नाही. त्याचा बराच वेळ उंच झाडांच्या शेंड्यांवर जातो. वर्षावनात झाडांचे शेंडे एकमेकांना भिडून जे छत तयार होते, तिथेच ऊन असते आणि बरीचशी फुलेही तिथेच. विशेषतः क्विला नावाच्या उंच वृक्षाला बहर आला की त्याच्याभोवती नर घिरट्या घालताना दिसतात. म्हणजे त्या बंदुकीच्या गोष्टीत रानाची उंची लपलेली आहे. शिक्षकाने एवढा एकच प्रश्न वर्गात विचारला तरी तीच गोष्ट अधिवासाचा पाठ होऊन जाईल.

क्विलाचे आणखी एक महत्त्व आहे. त्याचे लाकूड टिकाऊ असते, त्याला चांगला भाव येतो आणि म्हणून तो तोडला जातो. संग्राहकाच्या जाळ्याविषयी आपण वाचतो. पण ज्या झाडाच्या बहरावर नर जमतात, त्या झाडावर चालणाऱ्या करवतीविषयी ही नोंद काही सांगत नाही.

एका वेलीचे ताबेदार

आता या परीक्षणाच्या गाभ्याशी येऊ. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांचा मध पिऊ शकते. अळीला तशी मोकळीक नसते. या जातीच्या अळीचे मुख्य खाद्य म्हणजे पॅरारिस्टोलोकिया डिएलसियाना ही वेल. ही वेल ईश्वरी किंवा सापसंद या आपल्याकडील वेलीच्या कुळातली. या कुळातील वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नावाची विषारी द्रव्ये असतात. ती माणसाच्या मूत्रपिंडांना घातक असतात आणि कर्करोगही घडवू शकतात. झाडपाल्याचे औषध म्हणून या वनस्पती पोटात घेण्याचा प्रघात म्हणूनच धोक्याचा आहे, हेही जाता जाता सांगायला हवे. बर्डविंगच्या अळीने मात्र हे विष पचवून ते अंगात साठविण्याची किमया साधली आहे. काळ्या अंगावर लाल गाठी आणि मधोमध एक फिकट पट्टा, असे तिचे रूप असते. असले भडक रूप सहसा पक्ष्यांना इशारा देत असते : मला खाल तर पस्तावाल.

या किमयेची दुसरी बाजू पाहू. ज्या वनस्पतीने संरक्षण दिले तिच्याशी ही जात कायमची बांधली गेली. मादी अंडी ढिगाने घालीत नाही. वेल हुडकून तिच्यावर एकेक अंडे घालते. अळी वाढते तशी अधाशी होते. कोशात जाण्यापूर्वी ती पुष्कळदा वेलीच्या खोडाची साल चौफेर कुरतडते आणि वरची वेल वाळून जाते. म्हणजे एका अळीला वेलीची दोन-चार पाने पुरत नाहीत; अख्खी भरदार वेल लागते. आणि ती वाळल्यावर पुढच्या पिढीसाठी जवळपास दुसरी वेलही लागते. वेल भरदार व्हायची तर तिला चढायला झाड हवे. मादीला झाडाच्या शेंड्यावर मध हवा आणि नराची गाठ पडायला हवी. अशी ही साखळी आहे. यातला कुठलाही दुवा काढला तर २५ सेंटिमीटरचे ते पंख आकाशात दिसणार नाहीत.

येथे एक बारकावा नोंदवला पाहिजे, कारण विरुद्ध टोकाची अतिशयोक्तीही आढळते. या फुलपाखराला माणसाचा हात न लागलेले रानच हवे, असे काही लेखांत ठासून सांगितले जाते. ते बरोबर नाही. गावकऱ्यांनी फिरती शेती करून सोडून दिलेल्या आणि पुन्हा वाढलेल्या रानातही ही वेल येते, आणि अशा रानातही हे फुलपाखरू आढळले आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या प्रांतातील माणसे रान तोडत आली, बागा करत आली आणि जमीन पुन्हा रानाला देत आली. त्यात हे फुलपाखरू टिकून होते. मग आता काय बदलले?

ज्वालामुखी आणि तेलताड

२१ जानेवारी १९५१ रोजी ओरो प्रांतातील माउंट लॅमिंग्टन या डोंगराचा भीषण उद्रेक झाला. हा डोंगर ज्वालामुखी आहे याची कल्पनाच तेथील प्रशासनाला नव्हती. सुमारे ३००० माणसे मृत्युमुखी पडली. या फुलपाखराच्या उत्तम अधिवासापैकी सुमारे २५० चौरस किलोमीटर रान नष्ट झाले, असे सांगितले जाते. बऱ्याच लेखांत ही घटना फुलपाखरावरील मोठे संकट म्हणून येते, आणि ती तशी होतीच. पण ज्वालामुखीने जाळलेल्या जमिनीवर राख पडते, राखेची सुपीक माती होते, तिच्यात बी रुजते, आणि काही दशकांत रान परत येऊ लागते. रानाबरोबर वेलही येते.

त्याच सुपीक मातीवर दुसऱ्या एका वनस्पतीचा डोळा होता. ऑइल पाम, म्हणजे तेलताड, हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १९७० च्या दशकापासून पोपोंडेटाच्या मैदानात त्याच्या मोठ्या लागवडी झाल्या. मोठ्या मळ्यांबरोबर गावकऱ्यांनीही आपल्या तुकड्यांवर तो लावला. तेलताडाच्या मळ्यात झाडे असतात, हिरवळही असते. दुरून पाहणाऱ्याला ते रानच वाटावे. पण तिथे वेली काढून टाकतात, उंच बहरणारे वृक्ष नसतात, आणि पंचवीसेक वर्षांनी झाडे उत्पन्न देईनाशी झाली की ती पाडून पुन्हा तेलताडच लावतात. ज्वालामुखीने घेतलेली जमीन रानाला परत मिळाली. मळ्याने घेतलेली मिळत नाही. उद्रेक पाठ्यपुस्तकात येतो, कारण तो एका दिवशी घडला आणि त्याला तारीख आहे. मळा रोज थोडाथोडा वाढला. त्याला तारीख नाही, म्हणून तो नोंदीतही नाही.

यात गावकऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. पापुआ न्यू गिनीतील सुमारे ९७ टक्के जमीन परंपरेने कुळांच्या सामाईक मालकीची आहे. तिचे काय करायचे ते तेथील माणसेच ठरवतात. तेलताडाच्या घडांचे पैसे हातात येतात. त्यांतून मुलांची शाळा होते, दवाखाना होतो. पानामागे लपलेल्या वेलीतून काय मिळते? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय वेल वाचवा असे सांगणे हे दुसऱ्याच्या खर्चाने पुण्य करण्यासारखे आहे. आणि आपणही दूरचे प्रेक्षक नाही. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश भारत आहे. आपल्या फरसाणाच्या पुडीवरील घटकांची यादी वर्गात वाचून पाहावी. आपले बहुतेक पामतेल ओरो प्रांतातून नव्हे, इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, हे खरे. पण रान जाऊन मळा येण्याची कहाणी तिथेही हीच आहे.

कायद्याने काय पाहिले?

नोंदीचे शेवटचे वाक्य बंदीविषयी असते आणि त्याचा सूर सुटकेचा असतो. १९६० च्या दशकात, हा प्रदेश ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली असताना, या जातीला कायद्याने संरक्षण मिळाले. पुढे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ करारात तिला पहिल्या परिशिष्टात घातले. या परिशिष्टातील जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापारी क्रय-विक्रय करता येत नाही. बर्डविंगच्या इतर बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याने त्यांचा व्यापार होऊ शकतो.

बंदी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ज्या जातीची संख्या मुळातच थोडी, जिची अंडी एकेक घातली जातात, तिच्यामागे श्रीमंत संग्राहक लागणे घातकच आहे. पण बंदी काय पाहते? ती विमानतळावरची पेटी पाहते. पेटीतले फुलपाखरू पकडले जाते. ज्या दिवशी वेलीसकट रान साफ होते त्या दिवशी मात्र या करारातले एकही कलम मोडत नाही. टाचणीवरच्या फुलपाखराविषयीची जी नोंद, तिचाच हा कायदेशीर अवतार आहे.

याला पर्याय असू शकतो का? त्याच देशात एक उदाहरण घडले आहे. बुलोलो या गावी १९७० च्या दशकात एक सरकारी संस्था सुरू झाली. व्यापाराला परवानगी असलेल्या जाती तिच्यामार्फत गावकऱ्यांना विकता येऊ लागल्या. पद्धत साधी होती. बागेच्या कडेने खाद्यवेली लावायच्या. रानातल्या माद्या येऊन अंडी घालतात. कोश तयार झाले की काही फुलपाखरे विक्रीसाठी घ्यायची, उरलेली सोडून द्यायची. फुलपाखराला पिंजऱ्यात ठेवण्याची गरजच नाही. माद्या रानातून याव्या लागतात, म्हणून रान राखण्यात गावकऱ्याचा फायदा असतो. मायकेल पार्सन्स या कीटकशास्त्रज्ञाने राणी अलेक्झांड्राच्या या फुलपाखराचा प्रत्यक्ष रानात राहून अभ्यास केला. याही जातीच्या बाबतीत गावकऱ्यांना मर्यादित, देखरेखीखालचा लाभ मिळावा, असा विचार त्याने आणि इतर काहींनी मांडला. पूर्ण बंदीमुळे सर्वांत मौल्यवान फुलपाखरूच गावकऱ्यांच्या दृष्टीने कवडीमोल ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही वजनदार आहे. थोडा व्यापार खुला केला की चोरट्या मालाला कायदेशीर कागद मिळू लागतात, आणि टाचणीवरचे फुलपाखरू रानातले की बागेतले हे ओळखणे अवघड असते. देखरेख सैल असेल तर सवलत म्हणजे चोरवाट. आम्ही या वादाचा निकाल देणार नाही. पण बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक प्रश्न टाळू नये, असे आम्हांला वाटते : जो शेतकरी वेल राखतो त्याला तेलताडाऐवजी काय मिळणार आहे? मानागलास पठारावरील लोकांनी स्वतःपुरते एक उत्तर शोधले. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या प्रयत्नांनंतर २०१७ साली त्यांचे पठार संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. जमीन कुळांकडेच राहिली. या घटनेत फुलपाखरू एकटे सुटे काढलेले नाही. रान, माणसे आणि फुलपाखरू यांचा विचार एकत्र झाला आहे. सामान्यज्ञानाच्या नोंदीत यायला हवी होती ती ही तारीख.

वेल लावणाऱ्या शाळा

शाळांना यात काही करता येते का, हा प्रश्न शिक्षक विचारतील. याचे उत्तर शेजारच्या ऑस्ट्रेलियात मिळते. क्वीन्सलंडच्या आग्नेय भागात आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेस रिचमंड बर्डविंग नावाची, याच प्रजातीतली पण लहान आकाराची जात आहे. किनाऱ्यालगतची वर्षावने शेतीसाठी आणि शहरांसाठी साफ झाली आणि तिची खाद्यवेल दुर्मिळ झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील डॉन सँड्स यांच्या पुढाकाराने शाळाशाळांतून ही वेल लावण्याची मोहीम सुरू झाली. मुलांनी रोपे लावली, जगवली, अळ्यांच्या नोंदी ठेवल्या.

या मोहिमेत दोन गोष्टी लक्षात आल्या, आणि त्या आपल्यालाही उपयोगी आहेत. पहिली : याच कुळातली दक्षिण अमेरिकेतील एक वेल तिच्या विचित्र, नक्षीदार फुलांसाठी बागांतून लावली जाते. रिचमंड बर्डविंगच्या माद्या फसून तिच्यावरही अंडी घालतात. अळ्या तिची पाने खातात आणि मरतात. म्हणजे ‘त्याच कुळातली काहीतरी वेल’ चालत नाही; नेमकी जातच हवी. दुसरी : एकेकटी वेल पुरत नाही. वेलींचे पुंजके उडून जाण्याच्या अंतरावर असले पाहिजेत. नाहीतर आपसांतच प्रजनन होऊन फुलपाखरांची छोटी बेटे दुबळी होत जातात.

आपला तक्ता

आता आपल्या वर्गातल्या भिंतीकडे पाहू. तिथे फुलपाखराच्या जीवनचक्राचा तक्ता असतो : अंडे, अळी, कोश, फुलपाखरू, आणि बाणांनी जोडलेले वर्तुळ. हे वर्तुळ हवेत लटकलेले असते. अंडे कशावर घातले? अळी काय खाते? तक्त्यात फार तर एक निनावी हिरवे पान असते. आमच्या मते राणी अलेक्झांड्राच्या फुलपाखराविषयीची सदोष नोंद इथूनच सुरू होते. वनस्पतीवाचून फुलपाखरू असते असे मूल पाचवीत शिकते. मग मोठेपणी त्याला रानावाचून फुलपाखरू वाचविण्याची योजना खटकत नाही.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू ठरविले. असे मानचिन्ह निवडणारे ते देशातील पहिले राज्य. त्याची चित्रे सर्वत्र झळकली. त्याच्या अळ्या माकडलिंबू आणि लिंबाच्या कुळातील इतर झाडांवर वाढतात, ही माहिती त्या चित्रांखाली क्वचितच दिसली. ब्लू मॉर्मन तसे नशीबवान. ते बागांतही येते आणि लिंबाच्या झाडावर त्याचे भागते. सह्याद्रीतल्या सदर्न बर्डविंगचे तसे नाही. त्याच्या अळ्यांनाही ईश्वरीच्याच कुळातील वनस्पती लागतात. आठ-नऊ हजार किलोमीटर दूरचे उदाहरण आपण देत आहोत असे कोणी समजू नये. पापुआचे फुलपाखरू आणि आपले बर्डविंग यांची जगण्याची रीत एकच आहे.

फुलपाखरू उद्यानांचेही असेच. अनेक उद्यानांत मध देणारी फुलझाडे भरपूर असतात आणि अळ्यांची खाद्यझाडे नसतात. मधासाठी फुलपाखरे येतात, फोटो निघतात आणि ती निघून जातात. हे उद्यान म्हणजे खानावळ आहे, घर नव्हे.

शिक्षकांना फार मोठे काही करावे लागणार नाही. भिंतीवरच्या तक्त्यातील निनावी पानाला नाव द्यावे. शाळेच्या आवारात कढीपत्ता असेल तर त्यावर कॉमन मॉर्मनची अळी शोधावी, रुईवर प्लेन टायगरची. पानांना भोके दिसली की औषध फवारण्यापूर्वी ती कोणी पाडली ते पाहावे. परिसरात ईश्वरीची वेल कुठे आहे हे जाणत्या गावकऱ्याकडून समजून घ्यावे आणि तिच्यावर कॉमन रोझ किंवा क्रिमसन रोझच्या अळ्या येतात का, याची नोंद वर्षभर ठेवावी. वेल विषारी आहे. मुलांनी चव घेऊ नये, हाताळल्यावर हात धुवावेत. वर्षअखेर अशी वही तयार झाली, तर एखाद्या प्रश्नमंजूषेच्या पुस्तकापेक्षा ती नक्कीच जास्त उपयोगी पडेल.

राहिला तो मूळ प्रश्न. जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू कोणते? आमच्या मते उत्तर असे असावे : राणी अलेक्झांड्राचे बर्डविंग. मादी सुमारे २५ सेंटिमीटर, नर त्याहून लहान आणि अधिक रंगीत. पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतातील ज्वालामुखीच्या मातीवर वाढलेल्या रानात राहते. अळी मुख्यतः पॅरारिस्टोलोकिया डिएलसियाना या वेलीवर जगते. वेलीची जागा तेलताडाने घेतल्यामुळे ही जात संकटात आहे. प्रश्नमंजूषेच्या कार्डावर हे उत्तर बसणार नाही. मग कार्ड थोडे मोठे करावे.